अर्धांगवायु आणि विजेचा उपचार

आरे आणि वारे हीं जुळीं गांवें रत्नागिरीहून गणपतिपुळ्याकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर वसलेलीं आहेत. आपल्याकडे कोणाचा हात-पाय एकाएकीं लुळा पडला, म्हणजे 'अंगावरून वारें गेलें' असें म्हणण्याचा प्रघात आहे. यासच अर्धांगवायु अथवा पक्षाघात म्हणतात. परंतु नांवांत वायु असला, तरी या विकाराचें मूळ वाऱ्यांत नसून मेंदूच्या रक्तवाहिन्यांत आहे.

मेंदूचें वजन शरीराच्या सुमारें पन्नासाव्या हिश्श्याइतकेंच. तथापि शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकीं सुमारें पांचवा हिस्सा तो एकटा घेतो. बहुतेक रोग्यांत रक्ताची गुठळी अडकून वाहिनी बंद होते. कांहींत ती फुटून रक्तस्राव होतो. पुरवठा तुटतांच तेथील पेशी मरूं लागतात. मेंदूच्या डाव्या भागाची सत्ता उजव्या अंगावर चालते. म्हणून डावीकडे इजा झाल्यास उजवें अंग लुळें पडतें व पुष्कळदां वाचाही जाते.

आतां विजेचा विचार करूं. पहिल्या शतकांत स्क्रिबोनियस लार्गस हा रोमन वैद्य डोकेदुखीवर विजेचा धक्का देणारा मासा कपाळावर ठेवीत असे. अशा माशांच्या जाती आपल्या अरबी समुद्रांतही आहेत. पुढें १८७० सालीं फ्रिट्श व हिट्सिग या जर्मन शास्त्रज्ञांनीं कुत्र्याच्या मेंदूस सौम्य वीज लाविली असतां विरुद्ध बाजूचे स्नायू हलतात, हें दाखवून दिलें. मग विजेनें लुळा हात पुन्हां चालेल काय?

मेलेली पेशी विजेनें जिवंत होत नाहीं. परंतु दरड कोसळून घाटरस्ता बंद झाला, म्हणजे लोक आडवाटेनें जाऊं लागतात, आणि रोजच्या वहिवाटीनें तीच वाट मळते. मेंदूचेंही तसेंच आहे. वाचलेल्या पेशी सरावानें नवें काम शिकतात; वीज त्या शिकण्यास केवळ हातभार लाविते. हें कार्य सोपें नव्हे. मेंदूच्या आवरणावर तारा बसवून अमेरिकेंत केलेल्या मोठ्या चाचणीस २००८ सालीं अपेक्षित फळ आलें नाहीं. त्यानंतर मानेंतील व्हेगस या मज्जातंतूस, हाताचा व्यायाम चालू असतांनाच, छातींत बसविलेल्या लहान यंत्रानें वीज देण्याचा प्रयोग १०८ रोग्यांवर झाला. त्यांत हाताची शक्ति अधिक सुधारल्याचें दिसल्यावर २०२१ सालीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. मात्र व्यायामावांचून नुसती वीज व्यर्थ होय.

असो. विजेपेक्षां वेळेचें मोल अधिक आहे. गुठळी विरघळविणारें औषध लक्षणें दिसल्यापासून साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. तत्पूर्वीं मेंदूचें यांत्रिक छायाचित्र घेणें अवश्य असतें. कारण रक्तस्राव असल्यास तेंच औषध घातक ठरतें. गांवापासून रुग्णालयापर्यंतचा प्रवासही याच साडेचार तासांतून वजा होतो. तेल चोळण्यांत किंवा कबुतराचें रक्त लावण्यांत दवडलेला वेळ परत येत नाहीं.

विद्यार्थीमित्रहो, घरांतील आजोबांचें तोंड वांकडें झालें, हात उचलेना, अथवा बोलणें अडखळूं लागलें, तर लक्षणें केव्हां सुरू झालीं ती वेळ टिपून ठेवा. त्यांना कांहीं खाण्या-पिण्यास देऊं नका, व तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. आणि पालकांनीं आपला रक्तदाब वेळोवेळीं तपासून घ्यावा व तंबाखू सोडावी. कारण संकट टाळणें हाच सर्वांत उत्तम उपचार होय.