कुत्रीचं वय आणि पिल्लांचा हट्ट

घरातली लॅब्राडॉर सात वर्षांची होते. तोंडाभोवतीचे केस पांढरे व्हायला लागतात आणि कुणीतरी म्हणतं, ‘हिचं एखादं पिल्लू आपल्याकडे असायला हवं.’ ती अजून वेळच्या वेळी माजावर येते, भरपूर खाते, दारात कुणी आलं की धावत जाते. मग अडचण काय?

अडचण अशी, की माजावर येणं म्हणजे बाळंतपण झेपणं नव्हे. बाईला जशी रजोनिवृत्ती येते, तशी कुत्रीला येत नाही. म्हातारपणीही ती माजावर येत राहते, फक्त दोन माजांतलं अंतर वाढतं. गर्भाशयाचं वय मात्र होतच असतं.

त्याचं कारण तिच्या शरीरातल्या चक्रात आहे. माज ओसरल्यावर, गर्भ राहिला असो वा नसो, सुमारे दोन महिने तिच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढलेलं असतं. दर माजाला हेच घडतं. वर्षानुवर्षांच्या या चक्राने गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, त्यात गाठी आणि द्रव साठू लागतो. अशा अस्तरात गर्भ नीट रुजत नाही, जंतूंना मात्र चांगला आसरा मिळतो. म्हणून वयस्क कुत्रीला गर्भ राहण्याची शक्यता घटते आणि राहिलाच तर पिल्लं कमी होतात. एकच पिल्लू असेल तर कळा सुरू होण्यासाठी लागणारा इशाराही कधी पुरेसा मिळत नाही. गर्भाशयाचे स्नायू थकलेले असले, तर कळा मध्येच थांबतात. मग सिझेरियनला पर्याय उरत नाही, आणि वाढलेल्या वयात भुलीचा धोकाही अधिक असतो.

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, ती याआधी व्यायली आहे का? सात वर्षांच्या कुत्रीचं पहिलंच बाळंतपण असेल, तर बहुतेक पशुवैद्यक स्पष्ट ‘नको’ म्हणतील. आधी विनासायास व्यायलेली असेल तरी वय विसरता येत नाही. ब्रिटनमधला केनेल क्लब मादीने आठ वर्षं पूर्ण केल्यावर झालेल्या पिल्लांची सहसा नोंदणी करत नाही. ग्रेट डेनसारख्या मोठ्या जाती तर त्याच्या बऱ्याच आधी उताराला लागतात.

तरीही विचार पक्का असेल, तर नर शोधण्याआधी दवाखाना गाठा. रक्ताची तपासणी, मूत्रपिंड-यकृताचं काम, हृदय, गर्भाशयाची सोनोग्राफी आणि ब्रुसेला या जंतूची चाचणी करून घ्या. स्तनांत गाठी आहेत का, तेही पाहायला सांगा. लॅब्राडॉर असेल तर खुब्याच्या सांध्यांचा एक्स-रे हवा, कारण त्यातला दोष पिल्लांत उतरतो. यातलं काहीही बिघडलेलं निघालं, तर विषय तिथेच संपवा. सगळं ठीक निघालं, तरी सुमारे ६३ दिवसांनी, कदाचित मध्यरात्री, शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना जवळ आहे का, हे आधीच पाहून ठेवा. अर्धा तास जोराच्या कळा देऊनही पिल्लू बाहेर आलं नाही, तर वाट पाहण्यात अर्थ नसतो.

‘एकदा तरी व्यायली की कुत्री निरोगी राहते,’ हा समज मात्र डोक्यातून काढून टाका. त्याला आधार नाही. उलट, वय झालेल्या आणि नसबंदी न केलेल्या कुत्रीला गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. माजानंतर महिना-दोन महिन्यांत ती अचानक खूप पाणी प्यायला लागली, मलूल झाली, जेवण सोडलं किंवा उलट्या करू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. योनीतून स्राव दिसत नसेल तर निर्धास्त राहू नका. पू आतच कोंडला असेल तर धोका आणखी मोठा.

म्हणूनच या वयात पशुवैद्यकाला विचारायचा खरा प्रश्न ‘मेटिंग कधी करू?’ हा नसून ‘नसबंदी आता करता येईल का?’ हा आहे. आणि तिची आठवण म्हणून जे पिल्लू हवं असतं, त्याचा अर्धा वारसा बापाचा असतो. ते तिच्यासारखं निघेलच असं नाही. ती स्वतः मात्र आज समोर आहे, आणि नीट जपलं तर अजून काही वर्षं तुमच्या दारात धावत येईल.