लिहिते होताना : भाग ६
फूल इकडे, फुले तिकडे

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने ‘एक पान शुद्धलेखन’ हा गृहपाठ केलेला असतो. पाठ्यपुस्तक उघडायचं, त्यातला एक उतारा वहीत नीट अक्षरात उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी बाईंची सही घ्यायची. अक्षराला वळण लागायला याचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण रोज असं एक पान लिहिणारं मूल निबंधात मात्र ‘फूले’, ‘दुध’, ‘बहिण’, ‘नागपूरात’ असंच लिहीत राहतं, आणि घरचे म्हणतात, एवढं लिहून घेतो तरी चुका त्याच! उतारा उतरवताना मूल एक शब्द बघतं, लिहितं आणि सोडून देतं. दोन शब्द शेजारी ठेवून बघायची वेळ त्याच्यावर येतच नाही. मराठीतलं ऱ्हस्व-दीर्घ मात्र शब्द शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

मागच्या भागात जोडाक्षरं वाचण्याबद्दल बोललो होतो. या आठवड्यात शब्दांची वर्गवारी. रीत साधी आहे. चिठ्ठ्यांवर शब्द लिहायचे, मुलांनी ते मोठ्याने वाचायचे, गठ्ठ्यांत लावायचे आणि गठ्ठे तसे का पडले ते आपल्या शब्दांत सांगायचं. नियम फळ्यावर येतो तो सगळ्यात शेवटी.

ही पद्धत अमेरिकेत वाढली. १९७१मध्ये चार्ल्स रीड या भाषाभ्यासकाने शाळेत जाण्याआधीच लिहू लागलेल्या मुलांच्या स्पेलिंगचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही मुलं ‘ट्रक’, ‘ट्रेन’ यांसारख्या शब्दांच्या सुरुवातीला ‘टी’ऐवजी ‘सीएच’ लिहीत होती. मोठ्यांना ती ढोबळ चूक वाटते. पण इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडी तिथे खरोखरच ‘च’च्या जवळचा आवाज निघतो, आणि मुलांनी तो बरोबर टिपला होता. पुढे व्हर्जिनिया विद्यापीठात एडमंड हेंडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या स्पेलिंगचे टप्पे तपासले. त्याच परंपरेतल्या डोनाल्ड बेअर, मार्सिया इन्व्हर्निझी, शेन टेम्पल्टन आणि फ्रॅन्सिन जॉन्स्टन यांचं ‘वर्ड्स देअर वे’ हे पुस्तक १९९६मध्ये आलं आणि शब्दांच्या चिठ्ठ्या तिथल्या वर्गावर्गांत पोहोचल्या.

रीड यांची गोष्ट सांगितली ती एवढ्यासाठी, की ‘फूले’ ही चूकही तशीच विचार करून केलेली असते. ‘फूल’ला दुसरा उकार आहे हे त्या मुलीला पक्कं ठाऊक आहे. फूल एक असो की दहा, शब्द तोच, मग उकार कशाला बदलायचा? तिचा तर्क चांगला आहे, फक्त मराठीची रीत वेगळी आहे. लाल शाईची गोल खूण तिला ही रीत सांगत नाही. ‘हा शब्द दहा वेळा लिही’ ही शिक्षाही सांगत नाही.

आता प्रत्यक्ष चिठ्ठ्यांकडे येऊ. वर्ग तिसरीचा. पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या, दोघादोघांच्या जोड्या, प्रत्येक जोडीला चौदा शब्द : फूल, फुले, चूल, चुली, वीट, विटा, मूठ, मुठी, जीभ, जिभा, दूध, खीर, किडा, सुरी.

बाई पहिल्यांदा एवढंच म्हणतात, “तुम्हाला वाटेल तसे गट करा.” चूल, दूध, खीर आणि सुरी हमखास एकत्र येतात, कारण ते स्वयंपाकघरातलं सामान! ते बरोबरच आहे, आणि ते तसं होऊ द्यावं. मूल शब्द अर्थासकट वाचतंय याची खात्री तिथेच होते. मग दुसरी सूचना : “आता लिहिण्यावरून गट करा.” वेलांटीवाले एकीकडे, उकारवाले दुसरीकडे. थोड्या वेळाने कुणीतरी आणखी फोड करतं : पहिली वेलांटी आणि पहिला उकार यांचा एक गठ्ठा, दुसरी वेलांटी आणि दुसरा उकार यांचा दुसरा. इथे खऱ्या प्रश्नाची वेळ येते. “दुसरी कुणाला मिळते आणि पहिली कुणाला?” मुलं दोन्ही गठ्ठे वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचतात. फूल, चूल, वीट, मूठ, जीभ, दूध, खीर. फुले, चुली, विटा, मुठी, जिभा, किडा, सुरी. या वेळी बाईंनी गप्प राहायचं असतं, आणि ते सोपं नसतं. मग एखादी मुलगी म्हणते, “बाई, पुढच्या अक्षराला काही लागलं की आधीचं आखूड होतं.”

तिने म्हटलं ते पुस्तकी भाषेत असं : शब्दाचं शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार किंवा उकार ऱ्हस्व, आणि शब्द अकारान्त असेल तर तो दीर्घ. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनाचे १४ नियम राज्य शासनाने १९६२मध्ये स्वीकारले, १९७२मध्ये आणखी ४ नियमांची भर पडून ते १८ झाले. त्या अठरांतले दोन महत्त्वाचे नियम तिसरीतल्या मुलीने एका वाक्यात बसवले. ‘उपान्त्य’ हा शब्द तिला सातवीत कळला तरी चालेल. शिवाय ‘आखूड होतं’ हे ती कानानेही पडताळू शकते. ‘फूल’ म्हणताना ऊ लांबतो, ‘फुले’ म्हणताना तो आपोआप आवरतो. म्हणून चिठ्ठी मोठ्याने वाचण्याचा आग्रह धरायचा. आणि ज्या मुलाच्या घरची बोली वेगळी आहे, ज्याला कानावर भरवसा ठेवता येत नाही, त्यालाही शेवटचं अक्षर डोळ्यांनी बघता येतंच. हा नियम कुणाच्याही बोलीला कमी लेखत नाही, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

दुसऱ्या दिवशी त्याच गठ्ठ्यांत चार नव्या चिठ्ठ्या : भिंत, चिंच, उंट, डिंक. शेवटचं अक्षर मोकळं, म्हणजे काल ठरल्याप्रमाणे इथे दीर्घ हवं. पण चिठ्ठीवर ऱ्हस्व आहे. वर्गात खळबळ होते आणि तीच हवी असते. चौघांच्याही डोक्यावर टिंब आहे हे सापडायला फार वेळ लागत नाही. तिसरा गठ्ठा तयार होतो : टिंब असेल तर आखूड. पुढे कुस्ती, मुक्काम, पुष्कळ, विस्तव हे शब्द दिले, की जोडाक्षराच्या आधीही तेच होतं हे मुलं स्वतः बोलून दाखवतात.

या सगळ्यात शिक्षकाचं खरं काम आदल्या दिवशी संध्याकाळी झालेलं असतं. कोणते शब्द घ्यायचे याच्याइतकंच कोणते घ्यायचे नाहीत हे ठरवावं लागतं. पहिल्याच चौदांत ‘गुण’, ‘विष’, ‘सुख’ किंवा ‘पूजा’, ‘गीता’, ‘सीमा’ आले असते तर त्या मुलीला काहीच सापडलं नसतं. हे तत्सम शब्द. संस्कृतातून जसे आले तसेच लिहायचे. ते टाळायचे नाहीत, थांबवून ठेवायचे. मराठी शब्दांची रीत हाताला बसली, की मग ते एकेक करून द्यायचे आणि ‘न बसणारे’ असा गठ्ठा करून तो वर्षभर भिंतीवर वाढवत न्यायचा. यादी पाठ करायला सांगू नये. जो शब्द न बसणारा आहे हे मुलाने स्वतः भांडून ठरवलेलं असतं, तो त्याला विसरता येत नाही.

आता ज्या वर्गवारीत मुलं सगळ्यात जास्त रंगतात तिच्याकडे. चौथीसाठी. चिठ्ठीवर शब्दाची जोडी : गरीब–गरिबाला, वकील–वकिलाला, जमीन–जमिनीवर, बहीण–बहिणीला. दुसऱ्या काही जोड्या : लाकूड–लाकडाला, कापूस–कापसाचा, माणूस–माणसाला, पाऊस–पावसात, देऊळ–देवळात. आणि तिसऱ्या : शरीर–शरीरात, गीत–गीतात. प्रश्न एकच : शब्दाला प्रत्यय लागल्यावर मधल्या ई-ऊचं काय झालं? पहिल्या गठ्ठ्यात ते आखडतात, दुसऱ्यात नाहीसे होतात, तिसऱ्यात जसेच्या तसे राहतात, कारण तिथे पुन्हा तत्सम शब्द आहेत. शेवटी दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवाव्यात : ‘पिठात’ आणि ‘विद्यापीठात’. भजी पिठात बुडवायची आणि शिकायला विद्यापीठात जायचं. एकच ‘पीठ’ दोन गठ्ठ्यांत का गेलं, यावर चौथीचा वर्ग चांगला अर्धा तास बोलू शकतो.

गावांची नावं याच ओळीत येतात. ‘नागपूरात’, ‘कोल्हापूरात’, ‘सोलापूरात’ हे आपण दुकानांच्या पाट्यांवर आणि बातम्यांच्या पट्ट्यांवर रोज वाचतो. गावाच्या नावातलं ‘पूर’ दीर्घ लिहायचं, यासाठी त्या अठरांत एक स्वतंत्र नियम आहे. पण प्रत्यय लागला की ते ‘पुरात’ होतं. मुलांना हे पटवायला नियम लागत नाही. कोल्हापुरी चप्पल, नागपुरी संत्री, सोलापुरी चादर या तीन चिठ्ठ्या द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. तोंडातला उकार आखूडच निघतो. मग आपल्या तालुक्यातल्या ‘पूर’ने संपणाऱ्या गावांची नावं मुलांकडूनच घ्या. पंढरपूर, तुळजापूर, बदलापूर, राजापूर. चिठ्ठ्या कमी पडत नाहीत.

अनुस्वाराची वर्गवारी तशी सोपी. मुलाला–मुलांना, झाडाने–झाडांनी, पक्ष्याला–पक्ष्यांना. एक असेल तर टिंब नाही, अनेक असतील तर आहे. हे दहा मिनिटांत होतं. मग ‘आजोबांना’ ही चिठ्ठी सोडायची. मुलं ती बेधडक अनेकांच्या गठ्ठ्यात ठेवतात, आणि कुणीतरी हरकत घेतं : “पण आजोबा तर एकच आहेत!” त्यापाठोपाठ काकांनी, सरांनी, वडिलांना. ज्यांना आपण ‘अहो’ म्हणतो त्यांच्यासाठी मराठी एका माणसालाही अनेकांसारखं वागवते, हे मुलांना इथे कळतं. ‘आईला’ आणि ‘वडिलांना’ या चिठ्ठ्या शेजारी आल्या, की आईला टिंब का नाही हा प्रश्न येतोच. त्यावर मुलांनीच बोलावं; घरात कोण कुणाला ‘अगं’ म्हणतं आणि ‘अहो’ म्हणतं ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

एका गोष्टीपासून सावध राहायला हवं. देवनागरीत वेलांटी डावीकडे की उजवीकडे हे लांबूनही दिसतं, त्यामुळे मूल शब्द न वाचताच नुसत्या खुणा बघून चिठ्ठ्या टाकत जातं. गठ्ठे बिनचूक पडतात आणि शिकणं शून्य होतं. यावर उपाय आहे. दोन दिवसांनी तेच शब्द वेलांटी-उकार गाळून लिहायचे, म्हणजे ‘फल’, ‘वट’, ‘चली’, ‘कडा’ असे, आणि बाईंनी पूर्ण शब्द उच्चारल्यावर मुलांनी खूण भरून चिठ्ठी गठ्ठ्यात लावायची. किंवा जोडीतल्या एकाने चिठ्ठी लपवून वाचायची आणि दुसऱ्याने ती कोणत्या गठ्ठ्यात जाईल ते सांगून शब्द लिहायचा. त्यानंतर पाठ्यपुस्तकात किंवा जुन्या वर्तमानपत्रात त्याच घडणीचे आणखी शब्द शोधायचे. शोधलेला शब्द नियमात बसत नसेल तर उत्तमच, ‘न बसणारे’ वाढतात. खात्री नसेल तिथे शिक्षकाने अंदाज न करता अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ उघडावा, आणि तो मुलांसमोर उघडावा.

इंग्रजीलाही हीच रीत लागू पडते. आपल्या मराठी शाळांत २०००पासून पहिलीतच इंग्रजी शिकवलं जातं आणि स्पेलिंग अजूनही घोकून घेतलं जातं. बॅक, सॉक, डक एका गठ्ठ्यात आणि मेक, बाइक, जोक दुसऱ्यात ठेवून बघा. शेवटचा ‘क’ पहिल्या गठ्ठ्यात ‘सीके’ने लिहितात, दुसऱ्यात ‘केई’ने, आणि ते ठरतं आधीच्या स्वराच्या लांबीवरून. ज्या मुलाने ‘फूल’ आणि ‘फुले’ हाताळलेत, त्याला शेजारचं अक्षर बघायची सवय आधीच लागलेली असते.

पालकांनी हे घरी करायला हरकत नाही. दोन-तीन गठ्ठ्यांपुरते दहा-बारा शब्द पुरे, सगळे मुलाला वाचता येणारे आणि रोजच्या बोलण्यातले. दुसरीतल्या मुलासाठी याहून सोपी सुरुवात आहे : पाटी, जादू, कवी, गुरू असे शब्द देऊन शेवटच्या अक्षराला नेहमी दुसरी वेलांटी किंवा दुसरा उकारच मिळतो हे त्याला बघू द्या. ‘आणि’ हा अपवाद पुढच्या आठवड्यासाठी ठेवा.

शिक्षकांना मात्र एक विनंती. येत्या सोमवारी चौदा चिठ्ठ्या वर्गात न्या, आणि मुलांनी त्यांच्या भाषेत सांगितलेला नियम आधी फळ्यावर लिहा, शब्दशः, बोलीसकट. पुस्तकातला नियम त्याच्याखाली लिहा. पुढच्या भागात ‘र’ची चार रूपं घेऊ : सूर्य, चक्र, राष्ट्र आणि सुऱ्या.