विश्लेषण : १२ सागरी मैलांपलीकडे कायदा कोणाचा? वसईच्या मच्छीमारांसाठी नवे नियम का महत्त्वाचे?

पावसाळी मासेमारी बंदी ३१ जुलैला संपली की अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव येथील बोटी पुन्हा समुद्रात उतरतात. पाणी तेच, मासळीही तीच. पण किनाऱ्यापासून १२ सागरी मैल ओलांडले की बोटीला लागू होणारा कायदा बदलतो. त्या रेषेपलीकडे भारतीय बोटींनी मासेमारी कशी करावी, याचे स्वतंत्र नियम अनेक दशके नव्हते. केंद्र सरकारने ते नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित केले. वसईच्या डोल मच्छीमाराला त्यातून संरक्षण मिळणार की आणखी एक परवाना सांभाळावा लागणार, हा आता प्रश्न आहे.

समुद्राची विभागणी कशी?

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, प्रादेशिक समुद्र असतो. येथील मासेमारी हा राज्याचा विषय. महाराष्ट्रात त्यासाठी १९८१चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम आहे. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, अनन्य आर्थिक क्षेत्र असते. प्रादेशिक समुद्राबाहेरील मासेमारी राज्यघटनेच्या केंद्रीय सूचीत आहे. भारताने सागरी क्षेत्रांचा कायदा १९७६ मध्ये केला. संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा करार १९८२ मध्ये झाला आणि भारताने त्याला १९९५ मध्ये मान्यता दिली. या करारानुसार किनारी देशाला २०० मैलांतील मासळीवर हक्क मिळतो. मात्र ही मासळी अतिमासेमारीने संपू नये, याची जबाबदारीही त्याच देशावर येते.

मग पोकळी कोठे होती?

केंद्राने १९८१ मध्ये कायदा केला तो परदेशी नौकांसाठी. भारतीय नौकांना १२ मैलांपलीकडे मुख्यतः सरकारी आदेशच लागू होते. पावसाळी बंदीचा आदेश दरवर्षी निघतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटी बंद राहतात. एलईडी दिव्यांच्या साह्याने होणारी आणि दोन बोटींनी एक जाळे ओढून केली जाणारी मासेमारी केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये आदेशानेच बंद केली.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये आपल्या कायद्यात सुधारणा करून एलईडी मासेमारीसाठी ५ लाख ते २० लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. कारवाईचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले. पण हा कायदा १२ मैलांपर्यंतच चालतो. अकराव्या मैलावरची बोट गस्तीनौका दिसताच तेराव्या मैलावर गेली, तर राज्याच्या अधिकाऱ्याचे हात बांधले जातात. पालघर जिल्ह्याला लागूनच गुजरातची हद्द आहे. त्यामुळे परराज्यांतील ट्रॉलर्सच्या घुसखोरीची तक्रारही येथे सातत्याने होते.

वसईच्या मच्छीमारांवर परिणाम काय?

वसई, अर्नाळा, उत्तन हा डोल जाळ्यांचा पट्टा. डोल हे लांब पिशवीसारखे जाळे. समुद्रतळाशी रोवलेल्या कवीला ते बांधतात आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर येणारी मासळी त्यात शिरते. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली ही या जाळ्याची मुख्य मासळी. डोल मासळीचा पाठलाग करत नाही. मासळी प्रवाहासोबत आली तरच ती जाळ्यात सापडते. एलईडीचा प्रखर उजेड मात्र दूरवरची मासळी एका ठिकाणी गोळा करतो, त्यात लहान-मोठी सगळीच उपसली जाते. वर खोल समुद्रात मासळीचे थवे उपसले गेले, तर खाली कवीला बांधलेली डोल रिकामी येते. डिझेल, बर्फ आणि खलाशांचा पगार मात्र तेवढाच द्यावा लागतो.

नव्या केंद्रीय नियमांत काय आहे?

अनन्य आर्थिक क्षेत्रात जाणाऱ्या यांत्रिक आणि मोठ्या मोटार नौकांना आता ‘अ‍ॅक्सेस पास’ घ्यावा लागेल. तो ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. पारंपरिक व लहान मच्छीमारांना त्यातून सूट आहे. परदेशी नौकांना या क्षेत्रात मासेमारीची परवानगी नाही. एलईडी आणि जोडीने जाळे ओढण्यावरील बंदी आता नियमांत आली आहे. खोल समुद्रातील मासेमारीसाठी मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य दिले आहे. एका मोठ्या नौकेने अनेक लहान बोटींची मासळी समुद्रातच घ्यायची, अशी पद्धतही नियमांनी मान्य केली आहे.

वसईकरांसाठी मेख आहे ती सवलतीच्या व्याख्येत. डिझेल इंजिन बसवलेल्या मोठ्या डोल बोटी सरकारी वर्गवारीत यांत्रिक नौकांमध्ये मोडतात. पद्धत पिढ्यान्‌पिढ्यांची असली, तरी १२ मैलांपलीकडे जायचे तर पास आणि बोटीची सर्व कागदपत्रे अद्ययावत ठेवावी लागतील.

लहान मासळीचा नियम कोणाला लागतो?

राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये ५४ प्रजातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवला. पापलेट १३५ मिलिमीटर आणि बोंबील १८० मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर पकडता येत नाही. एकदाही अंडी न घातलेला मासा पकडला गेला, तर पुढच्या हंगामाची मासळीच कमी होते, हे त्यामागचे कारण. त्याआधी दोनच महिने, सप्टेंबर २०२३ मध्ये, रुपेरी पापलेटला राज्य मासा घोषित करण्यात आले होते.

हा नियम मोठ्या बोटींइतकाच डोलीलाही लागतो आणि येथेच स्थानिकांची अडचण होते. जवळा पकडायचा तर डोलीच्या शेवटच्या टोकाची आस बारीक ठेवावी लागते. त्यात पापलेटची पिल्लेही अडकतात आणि जाळे वर येईपर्यंत बहुतेक मरतात. केवळ एलईडी बंद करून पापलेट परत येणार नाही. डोलीची आस, कवी मारण्याची ठिकाणे आणि बंदीचा काळ यांचाही विचार करावा लागेल.

कवींच्या वादाचा तिढा कसा?

वसई-उत्तन भागातील बोटींनी आपल्या समोरच्या समुद्रात कवी मारल्यामुळे जाळी टाकायला जागा उरत नाही, असा सातपाटी-डहाणूकडील मच्छीमारांचा जुना आक्षेप आहे. दोन्ही बाजू मच्छीमारांच्याच, दोघांचीही जाळी पारंपरिक. कायद्याने समुद्र गावागावांत वाटलेला नाही. बोटीला पास मिळेल, पण कोणत्या जागी किती कवी असाव्यात, हा प्रश्न पासाने सुटत नाही.

जागतिक करारांचा संबंध काय?

जागतिक व्यापार संघटनेचा मत्स्य अनुदानविषयक करार जून २०२२ मध्ये झाला आणि १५ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला. बेकायदा व नोंद नसलेल्या मासेमारीला, तसेच अतिमासेमारीने घटलेल्या मासळीच्या मासेमारीला सरकारी अनुदान देण्यास त्यात मनाई आहे. करार अमलात आला तेव्हा तो स्वीकारणाऱ्या देशांत भारत नव्हता. दूरच्या समुद्रात ताफे पाठवणाऱ्या देशांनी आधी आपली अनुदाने थांबवावीत आणि विकसनशील देशांना २५ वर्षांची मुदत मिळावी, ही भारताची मागणी आहे.

महाराष्ट्रात सहकारी संस्थांच्या सभासद बोटींना डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा मिळतो. या करारामुळे तो लगेच बंद होत नाही. मात्र ‘आमचा मच्छीमार नियमात राहून मासेमारी करतो’ हे देशाला पुढे कागदावर दाखवावे लागेल. बोटीची नोंदणी, पकडलेल्या मासळीची नोंद आणि ट्रान्सपाँडर यांवर भर येतो तो यामुळेही. एक लाख नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेची सुरुवात पंतप्रधानांच्या हस्ते ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्येच झाली होती.

अंमलबजावणी कोण करणार?

जानेवारी २०२५ मध्ये राज्याने किनाऱ्यावर ९ ठिकाणांहून ड्रोनची टेहळणी सुरू केली. त्यात पालघरमधील शिरगाव आणि वसईच्या दक्षिणेचे उत्तन आहे. खोल समुद्रात मात्र भिस्त तटरक्षक दलावर आहे. त्या दलाकडे सागरी सुरक्षा आणि शोध-बचाव ही कामेही आहेत. त्यामुळे ट्रान्सपाँडरवर दिसलेली संशयास्पद बोट बंदरात परतल्यावर तिची तपासणी होते का आणि तिचा पास रद्द होतो का, यावर नियमांचा वचक ठरेल. ती तपासणी झाली नाही, तर कागदपत्रे तपासली जातील ती रोज त्याच बंदरात सहज सापडणाऱ्या अर्नाळ्याच्या बोटीचीच.