मुगाची घाई, तुरीचा वायदा

भालकी-औरादकडील काळ्या रानात मृगाच्या ओलीवर मूग आणि तूर एकाच वेळी जमिनीत पडतात. त्यांपैकी मूग सुमारे सत्तर दिवसांत घरात येऊन सणावाराचा खर्च भागवितो, आणि तूर मात्र धुके, अळी व अवकाळी यांच्या स्वाधीन होऊन पौषापर्यंत त्याच शेतात उभी राहते. तुरीचे कोठार म्हणून कलबुर्गीची ख्याती आहे, तेथील तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकनही लाभले. परंतु ते कोठार भरते ते मुगाने आधी पोटाची तजवीज केली म्हणून, ही गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. सुखाचा उपभोग लांबणीवर टाकण्याच्या मानवी सामर्थ्याविषयी गेल्या साठ वर्षांत मानसशास्त्राने जी वाटचाल केली, तिचा मागोवा घेताना मला या जोडपिकाचे स्मरण वारंवार होते.

व्हिएन्नात जन्मलेल्या वॉल्टर मिशेल यांनी १९५८ साली त्रिनिदादमधील मुलांसंबंधी निबंध प्रसिद्ध केला. आज छोटी मिठाई की काही दिवसांनी मोठी, असा त्यांचा साधा प्रश्न होता. आणि ज्यांच्या घरी वडील नव्हते ती मुले आजचीच मिठाई अधिक वेळा पसंत करीत, असे त्यांस आढळले. पुढे स्टॅनफर्डच्या बिंग बालशाळेत चार वर्षांच्या आसपासच्या मुलांसमोर खाऊ ठेवून, पंधरा मिनिटे थांबल्यास अधिक चांगला देण्याचे वचन देण्यात आले. १९७०च्या प्रयोगात, खाऊ दृष्टीआड असता मुले सरासरी अकरा मिनिटांच्या वर थांबली आणि डोळ्यांसमोर असता जेमतेम एक मिनिट. हे वाचून मला नवल वाटले नाही. आमच्या भागात धान्याच्या पेवाच्या तोंडावर दगड ठेवून ते मातीने लिंपून टाकीत, ते केवळ ओल आणि किडीच्या धास्तीने, असे मला कधीच वाटलेले नाही.

१९९० साली, ज्या मुलांनी अधिक वेळ धीर धरला ती पुढे महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेत सरस ठरली, असा अहवाल आला आणि संयम हेच यशाचे बीज, असा डांगोरा जगभर पिटला गेला. २०११ साली त्याच मुलांपैकी काहींची, आता चाळिशी ओलांडलेल्यांची, मेंदूप्रतिमा घेण्यात आली. मोहक दृश्यापुढे हात आवरावयाचा असता धीर धरणाऱ्यांच्या ललाटखंडाचा एक भाग अधिक कार्यरत दिसला, आणि उतावळ्यांच्या मेंदूत, खोल गाभ्यातील बक्षिसाच्या चाहुलीने जागे होणारे केंद्र अधिक चेतलेले आढळले. मेंदूत अशी खूण सापडली की ती जन्मजातच असली पाहिजे, असे मानण्याची आपल्याला खोड आहे.

ती खोड मोडणारे संशोधन पाठोपाठ आले. २०१३ साली रॉचेस्टर येथे, ज्या मुलांना आधी चांगल्या रंगांचे वचन देऊन ते मोडण्यात आले, ती खाऊच्या परीक्षेत सुमारे तीन मिनिटे थांबली. ज्यांना दिलेले वचन पाळले गेले, ती बारा. त्याच वर्षी तामिळनाडूतील ऊस उत्पादकांच्या अभ्यासात तोच शेतकरी सुगीपूर्वीच्या ओढगस्तीत बुद्धिचाचणीत मागे आणि सुगीनंतर पुढे आढळला. २०१८ साली नऊशेहून अधिक मुलांची पाहणी झाली. घरची परिस्थिती हिशेबात धरताच धीर आणि पुढील यश यांतील संबंध बराच क्षीण झाला. त्याच वर्षी मिशेल निवर्तले. वडील घरी नसलेल्या त्रिनिदादच्या मुलांत त्यांना प्रथम दिसला होता तो विश्वासाचाच प्रश्न, आणि साठ वर्षांच्या फेऱ्यानंतर शास्त्र पुन्हा तेथेच येऊन ठेपले.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे रयतेस मोकळी केली आणि बेदरच्या बादशहाने त्यांस पकडून आणविले, ही कथा आमच्या भागात आजही कीर्तनात रंगते. साठा राखणे हे जर शहाणपण, तर तो कधी मोकळा करावयाचा हे जाणणे त्याहून वरचे, असा माझा नम्र कयास आहे. उभ्या तुरीवर अडत्याकडून आगाऊ उचल घेणाऱ्या कुणब्यास उतावळा ठरविणारे महाभाग मात्र त्याच्या घरी मूग आला होता की नाही, याची चौकशी करीत नाहीत.

या भागातील एखाद्या शाळेत कोणी गुरुजी ही खाऊची परीक्षा घेऊ म्हणतील, तर त्यांस एवढीच विनंती, की घड्याळ लावण्यापूर्वी त्या मुलाला आजवर दिलेले किती वायदे पाळले गेले, ते आधी विचारावे.