हाताचे मांस झडते ते केवळ वयाने नव्हे

"आता वय झाले, हात वाळणारच," असे म्हणून आमची वडीलधारी माणसे दुखणे अंगावर काढतात. अंगठा आणि तर्जनी यांमधला उंचवटा खोल जातो, करंगळी आत वळते, विळा धरवत नाही. तरी लावणी संपेपर्यंत कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही. हे नेहमीच म्हातारपण नसते. कोपराजवळची नस निकामी झाली की पंजा असाच वाळतो, आणि आपल्याकडे या नसेचा जुना वैरी म्हणजे कुष्ठरोग.

रत्नागिरीला हा रोग नवा नाही. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून १८७५ साली येथे कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय उघडले. तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. रोग्याला गावाबाहेर काढणे एवढाच इलाज समाजाला ठाऊक होता. गावाबाहेर राहणे म्हणजे काय, हे आम्हाला कुणी सांगायला नको.

स्नायू नसेच्या हुकमावर जगतो. हुकूम थांबला की काही आठवड्यांतच तो बारीक होतो आणि वर्ष-दीड वर्ष तसाच राहिला तर त्याच्या जागी चरबी व चिवट तंतू भरू लागतात. कोयत्याने तुटलेली नस जोडली तरी ती दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते. कोपरापासून पंजापर्यंत २५-३० सेंटिमीटर. हिशेब करा, नऊ-दहा महिने लागतात. तरुणाला ही शर्यत पुष्कळदा साधते. उतारवयात नसेची वाढ आणखी मंदावते. शिवाय तरुणपणी एक तंतू मेला तर शेजारचा फांदी फोडून पोरका स्नायू सांभाळतो. म्हातारपणी शेजारीही थकलेला असतो.

म्हणून वृद्धांनी तर मुळीच थांबू नये. कुष्ठरोगाने नस सुजून गेलेले बळ सहा महिन्यांच्या आतले असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रेडनिसोलोन घेऊन ते बरेचदा परत येते. मूळ रोगावरच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत आहेत. मधुमेहाने, मानेच्या मणक्याच्या दुखण्यानेही नसा जातात. निदान डॉक्टरांवर सोडावे. आणि लाजेचे म्हणाल, तर कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारणसुद्धा २०१९ साली कायद्यातून काढून टाकले आहे.

घरातल्या आजी-आजोबांना बोटे फाकवायला सांगा. दोन बोटांत कागद धरायला द्या. तो सहज ओढून निघाला, करंगळी बधिर वाटली, किंवा पायातली वहाण निसटलेली कळलीच नाही, तर त्याच आठवड्यात त्यांना आरोग्य केंद्रात न्या.