माँट्रोझ बर्ग्ज

माँट्रोझ बर्ग्ज : ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभेतील स्कॉटलंडचा एक माजी मतदारसंघ. तो १८३२ मध्ये निर्माण झाला व १९५० मध्ये संपुष्टात आला. ‘बर्ग’ म्हणजे राजाची सनद मिळालेले व स्वतःचे नगरमंडळ असलेले नगर. ईशान्य स्कॉटलंडमधील माँट्रोझ, आर्ब्रोथ, ब्रीखिन, फॉर्फर आणि इनव्हरबर्व्ही अशा पाच नगरांचा मिळून हा मतदारसंघ झालेला होता व त्यातून एक सभासद निवडला जाई. यांपैकी पहिली चार नगरे अँगस (पूर्वीचे फॉर्फरशर) परगण्यात असून इनव्हरबर्व्ही त्याच्या उत्तरेकडील किंकार्डिनशरमध्ये आहे. ही नगरे एकमेकांना लागून नव्हती. त्यांच्या दरम्यानचा ग्रामीण प्रदेश परगण्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांत मोडत असे. प्रदेशाच्या सलगतेऐवजी नगरांच्या समान दर्जावर आधारलेली ही मतदारसंघ-रचना स्कॉटलंडच्या संसदीय इतिहासाचे एक वैशिष्ट्य होय. ताग व तागसदृश धाग्यांचे, विशेषतः लिननचे कापड विणणे हा या भागातील प्रमुख उद्योग होता, तर माँट्रोझ आणि आर्ब्रोथ ही उत्तर समुद्रावरील बंदरे होत.

पूर्वपीठिका : इंग्लंड व स्कॉटलंड यांचे १७०७ मध्ये एकीकरण झाल्यावर कॉमन्स सभेत स्कॉटलंडला ४५ जागा मिळाल्या. त्यांपैकी ३० परगण्यांना व १५ नगरांना देण्यात आल्या. एडिंबरोस स्वतंत्र जागा मिळाली. उर्वरित नगरांचे चौदा समूह करून प्रत्येक समूहास एक जागा देण्यात आली. ॲबर्डीन, माँट्रोझ, आर्ब्रोथ, ब्रीखिन व इनव्हरबर्व्ही यांचा समूह ‘ॲबर्डीन बर्ग्ज’ या नावाने ओळखला जाई. १७०८ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून १८३२ पर्यंत तो अस्तित्वात होता.

या काळात सामान्य नागरिकास मत नव्हते. प्रत्येक नगरमंडळ एक प्रतिनिधी निवडी. हे पाच प्रतिनिधी त्या निवडणुकीपुरत्या यजमान ठरलेल्या नगरात एकत्र येत व संसदेचा सभासद निवडत. यजमानपद नगरांकडे पाळीपाळीने जाई आणि मते समसमान पडल्यास यजमान नगराच्या प्रतिनिधीस निर्णायक मत असे. त्यामुळे ॲबर्डीनसारख्या मोठ्या शहराचे व इनव्हरबर्व्हीसारख्या लहानशा गावाचे मत सारख्याच मोलाचे ठरे. शिवाय मावळते नगरमंडळच नव्या मंडळाची निवड करीत असल्याने सत्ता मोजक्या घराण्यांच्या हाती राही. पाचांपैकी तीन नगरमंडळे अनुकूल करून घेतली की, जागा हाती येई. अशा बंदिस्त कारभाराचे परिणाम पुढे दिसून आले. १८१७ मध्ये ॲबर्डीनचे नगरमंडळ दिवाळखोर झाले. त्याच वर्षी माँट्रोझच्या नगरमंडळाची निवड अनियमित ठरल्यामुळे नव्या निवडीत तेथील सनदी नागरिकांना मतदानाची संधी मिळाली. या घटनांनी नगरसुधारणेच्या चळवळीस चालना मिळाली आणि १८१८ मध्ये सुधारणावादी जोसेफ ह्यूम (१७७७–१८५५) या समूहातून निवडून आला.

स्थापना व मताधिकार : १८३२ च्या स्कॉटलंडविषयक सुधारणा कायद्याने ॲबर्डीनला स्वतंत्र जागा मिळाली. उरलेल्या चार नगरांना पूर्वीच्या पर्थ बर्ग्ज समूहातील फॉर्फर जोडण्यात आले व माँट्रोझच्या नावाने नवा मतदारसंघ तयार झाला. नगरमंडळांच्या प्रतिनिधींची पद्धत रद्द होऊन वार्षिक दहा पौंड मूल्याच्या घराचा वा जागेचा ताबा असणाऱ्या पुरुषांना प्रत्यक्ष मताधिकार मिळाला व पाचही नगरांची मते एकत्र मोजली जाऊ लागली. १८६८ च्या कायद्याने नगरांतील कुटुंबप्रमुख पुरुषांपर्यंत, तर १९१८ च्या कायद्याने सर्व प्रौढ पुरुष आणि तीस वर्षांवरील बहुसंख्य स्त्रियांपर्यंत हा अधिकार पोहोचला. गुप्त मतदान १८७२ पासून सुरू झाले.

सभासद : होरेशिओ रॉस हा पहिला सभासद (१८३२–३५). त्याच्यानंतर आलेल्या पॅट्रिक चाल्मर्झने १८४२ मध्ये जागा सोडली व जोसेफ ह्यूम निवडून आला. ह्यूम माँट्रोझचाच रहिवासी. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत सहायक शल्यवैद्य म्हणून तो १७९७ मध्ये भारतात आला. येथील भाषा त्याने शिकून घेतल्या. दुसऱ्या इंग्रज-मराठे युद्धाच्या वेळी ओलाव्याने निकामी झालेली बंदुकीची दारू रसायनशास्त्राच्या ज्ञानाने पुन्हा वापरण्याजोगी करून दिल्याबद्दल त्याचा नावलौकिक झाला. मायदेशी परतल्यावर सरकारी खर्चाच्या प्रत्येक बाबीची छाननी करणारा सभासद म्हणून तो प्रसिद्धीस आला. कामगारांच्या संघटनांवर बंदी घालणारे कायदे १८२४ मध्ये रद्द करण्यात त्याचा मोठा वाटा होता. मृत्यूपर्यंत तो माँट्रोझचा सभासद होता. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक ॲलन ऑक्टेव्हिअन ह्यूम हा त्याचा पुत्र.

ह्यूमनंतर डंडीचा व्यापारी विल्यम एडवर्ड बॅक्स्टर याने तीस वर्षे (१८५५–८५) व जॉन शायरेस विल याने १८९६ पर्यंत ही जागा उदारमतवादी पक्षाकडे राखली.

मोर्ली व भारत : १८९६ च्या पोटनिवडणुकीत विचारवंत व चरित्रकार जॉन मोर्ली (१८३८–१९२३) येथून निवडून आला. आदल्या वर्षी त्याचा न्यूकॅसल येथे पराभव झाला होता. डिसेंबर १९०५ मध्ये तो भारतमंत्री झाला आणि या पाच नगरांच्या प्रतिनिधीकडे सर्व ब्रिटिश भारताच्या कारभाराची अंतिम जबाबदारी आली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी राजकीय सुधारणांसाठी लंडन येथे त्याच्या अनेकदा भेटी घेतल्या. मे १९०७ मध्ये लाला लजपतराय यांना चौकशीविना मंडालेस हद्दपार करण्यात आले. ‘स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता’ म्हणून ख्यातनाम असलेल्या मोर्लीने त्यास संमती दिल्यामुळे त्याच्यावर स्वपक्षीयांकडूनही टीका झाली. २१ ऑक्टोबर १९०७ रोजी आर्ब्रोथ येथे मतदारांपुढे भाषण करताना त्याने आपल्या धोरणाचे समर्थन केले. कॅनडास लाभदायक ठरलेले स्वराज्य भारतासही तसेच मानवेल, हा विचार त्याने अमान्य केला व कॅनडातील थंडीत उपयोगी पडणारा लोकरी केसाळ कोट दख्खनमध्ये घालण्याची उपमा त्यासाठी वापरली. मे १९०८ मध्ये उमराव होऊन तो लॉर्ड्स सभेत गेला व माँट्रोझची जागा रिकामी झाली. भारतमंत्रिपद मात्र १९१० पर्यंत त्याच्याकडे राहिले. लोकमान्य टिळकांना जुलै १९०८ मध्ये झालेली सहा वर्षांची शिक्षा आणि १९०९ चा मोर्ली-मिंटो सुधारणा कायदा या दोन्ही घटना त्याच कारकीर्दीतील होत.

भारतमंत्री ज्या संसदेस जबाबदार असे, तीत भारतीयांना प्रतिनिधित्व नव्हते. त्याचे वेतन मात्र १९१९ च्या कायद्यापर्यंत भारताच्या महसुलातून दिले जाई. पाच लहान नगरांतील काही हजार मतदारांना त्यास समोरासमोर जाब विचारता येई. कोट्यवधी भारतीयांना तो अधिकार नव्हता. वसाहतवादी राज्यव्यवस्थेतील ही विसंगती माँट्रोझच्या इतिहासात विशेष स्पष्टपणे दिसते.

अखेरचा काळ : मोर्लीनंतर रॉबर्ट व्हर्नन हारकोर्ट (१९०८–१८), जॉन लेंग स्टरॉक (१९१८–२४), रॉबर्ट हचिसन (१९२४–३२), चार्ल्स केर (१९३२–४०) व जॉन मॅक्ले (१९४०–५०) हे सभासद झाले. १९१८ च्या पुनर्रचनेत स्कॉटलंडमधील बहुतेक नगरसमूह मोडीत निघाले. जे थोडे टिकले, त्यांत माँट्रोझ होता. मतदारसंघ सलग व लोकसंख्येच्या प्रमाणात असावेत हे तत्त्व रूढ झाल्यावर १९४८ च्या कायद्यान्वये त्याचीही विभागणी झाली. ती १९५० च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून अंमलात आली. माँट्रोझ, ब्रीखिन व इनव्हरबर्व्ही ही नगरे नॉर्थ अँगस अँड मर्न्स या मतदारसंघात, तर आर्ब्रोथ व फॉर्फर साउथ अँगसमध्ये समाविष्ट झाली. १९८३ मध्ये तेही मतदारसंघ रद्द झाले.

नगरांनी एकत्र येऊन सभासद निवडण्याची परंपरा अशा रीतीने नष्ट झाली. तीमुळे लहान नगरांना ग्रामीण जमीनदारांच्या प्रभावापासून अलग असा स्वतःचा आवाज मिळत होता. मात्र मतांच्या समान मूल्याच्या तत्त्वाशी तिचा मेळ बसत नव्हता. पाच प्रतिनिधींच्या मतांपासून प्रौढ मताधिकारापर्यंत झालेला प्रवास या एका जागेच्या इतिहासात सलगपणे पाहावयास मिळतो.