आठवीचा फॉर्म आणि तबल्यावरची शाई



आपल्या विदर्भातला उन्हाळा कडक. म्हणून इथल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा थोड्या उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्या सुमारास दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी हातात एक कागद घेऊन आमच्या घरी येतो. यंदा शेजारची मुलगी आली. सातवी पास होऊन नुकतीच आठवीत गेलेली. कागदावर शाळेने विचारले होते: संपूर्ण हिंदी घेणार की संयुक्त हिंदी-संस्कृत? एन.सी.सी. की गाईड? चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसणार काय? शिवाय ती पाचवीपासून तबला शिकते. तो चालू ठेवायचा की सोडायचा हे फॉर्मवर नव्हते, पण घरातला खरा वाद त्यावरच होता. वडिलांचे म्हणणे, आता 'फाउंडेशन'चा क्लास लावू, तबला दहावीनंतर पाहू.

"काका, विज्ञानाला उपयोगी काय तेवढे सांगा. बाकीचे मी सोडून देते," ती म्हणाली.

प्रश्न सरळ दिसतो. पण विज्ञानाला उपयोगी काय हे आधी कळते काय? आपल्या नागपुरात गांधीसागर तलावासमोर रामन विज्ञान केंद्र आहे. १९९२ साली ते सुरू झाले. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते, ते चंद्रशेखर वेंकट रामन काही काळ नागपुरात नोकरीला होते हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. आणि नोकरी कसली? प्राध्यापकाची नव्हे, सरकारी हिशेब खात्यातल्या अधिकाऱ्याची! १९०७ साली ते एम.ए. झाले. त्या वेळी भारतीय तरुणाला संशोधनाची नोकरी मिळणे फार कठीण. म्हणून परीक्षा देऊन ते अर्थखात्यात शिरले. प्रथम कलकत्ता, मग १९०९ साली रंगून, १९१० साली नागपूर आणि पुन्हा कलकत्ता. कलकत्त्यात सकाळी कचेरीपूर्वी आणि संध्याकाळी कचेरी सुटल्यावर ते 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करीत. १९१७ साली कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक होईपर्यंत, म्हणजे सुमारे दहा वर्षे, भौतिकशास्त्र हा त्यांचा कचेरीबाहेरचा उद्योग होता.

त्या वर्षांत त्यांनी कशाचा अभ्यास केला? बराचसा वाद्यांचा. व्हायोलिन, वीणा, तंबोरा. आणि पुढे तबला व मृदंग.

तबल्यात शोधण्यासारखे काय आहे ते पाहू. ताणलेली तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वरही निघतात. ही पूर्णांकांची पट असल्यामुळे सारे स्वर कानाला एकजीव लागतात. ताणलेल्या गोल चामड्याचे तसे नाही. त्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे वेडेवाकडे येतात. म्हणून साधा ढोल आवाज करतो, पण 'सा' लावून देत नाही. मग तबला षड्जात कसा मिळवता येतो?

गुपित त्या काळ्या शाईत आहे. लोखंडाची बारीक पूड आणि खळ यांचे थरावर थर देऊन, घोटून घोटून ती चढवतात. मध्यभागी जाड, कडेला पातळ. या वजनाने चामड्याची कंपने अशी बदलतात की वरचे स्वर जवळजवळ बरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट आणि पाचपट होतात. रामन यांनी १९२० साली एका सहकाऱ्यासह 'नेचर' या नियतकालिकात याविषयी टिपण प्रसिद्ध केले आणि १९३४ साली सविस्तर निबंध लिहिला. चामड्यावर बारीक वाळू पसरून, कंपन होताना ती कोणत्या रेषांवर गोळा होते हे त्यांनी पाहिले. कंपनाचे एकूण नऊ प्रकार पहिल्या पाच स्वरांत नेमके वाटले गेले आहेत, असे त्यांना आढळले. आपल्या कारागिरांनी हे केवळ कानाने साधले होते!

तुम्हीही करून पाहा. रिकाम्या डब्याच्या तोंडावर फुग्याचे रबर घट्ट ताणून बांधा, त्यावर चिमूटभर बारीक रवा पसरा आणि जवळून मोठ्याने 'आऽऽ' म्हणा. स्वर हळूहळू चढवत न्या. एखाद्या स्वराला रवा नाचू लागेल आणि त्याच्या रेघा उमटतील. फुंकर मात्र मारू नका, नाहीतर रवा नाकात जाईल.

आता माझी गोष्ट. मी आठवीत तबला सोडला. 'सायन्सला जायचे आहे ना?' असे सगळे म्हणाले आणि मलाही ते पटले. पुढे एम.एस्सी. करताना ग्रंथालयात रामन यांचा तो निबंध हाती लागला. गणित समजले. पण 'ना' आणि 'तिन' वाजवताना बोट नेमके कुठे पडते, कोणते बोट कडेला टेकलेले असते आणि त्याने कोणते कंपन दबते, हे माझ्या हातांना आठवेना. वर्गातल्या ज्या मुलाला तबला येत होता, त्याने पाच मिनिटांत वाजवून दाखवले. एवढे चुटपुटणे मला दुसऱ्या कशाबद्दल क्वचितच लागले असेल.

चित्रकलेचेही असेच. १६०९ साली इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियट याने दुर्बिणीतून चंद्र पाहिला, त्याचे रेखाटनही केले. पण त्यावरचे डाग कशाचे हे त्याला उमगले नाही. काही महिन्यांनी गॅलिलिओने तेच डाग पाहिले आणि त्या डोंगरांच्या सावल्या आहेत असे ओळखले. गॅलिलिओ चित्रकलेचा, छायाप्रकाशाचा अभ्यास केलेला होता, म्हणून त्याला ते दिसले असे पुष्कळ इतिहासकारांना वाटते. एलिमेंटरी, इंटरमिजिएटचे काही वाढीव गुण दहावीला मिळतात म्हणून मुले त्या परीक्षांकडे वळतात. तेही ठीक. पण वस्तुचित्र काढताना तांब्यावरची सावली कुठे संपते ते नीट बघायला शिकणे, हा त्यातला माझ्या मते मोठा लाभ.

संस्कृताविषयी लोक एकच सांगतात, 'गुण चांगले पडतात.' मी दुसरे कारण सांगतो. आवर्तन, परावर्तन, अपवर्तन, विवर्तन: हे शब्द पाठ करताना तुमची तारांबळ उडते ना? चारही एकाच 'वृत्' धातूपासून झालेले. फक्त उपसर्ग वेगळे. उपसर्गांचे अर्थ कळले की प्रकाशकिरण कुठे वळला ते निम्मे शब्दातच सापडते. अर्थात ज्याला हिंदी वाचायची मनापासून गोडी आहे, त्याने ती का सोडावी? हिंदीने कोणाचे भौतिकशास्त्र बिघडल्याचे मी पाहिले नाही.

तेव्हा 'उपयोगी काय' यापेक्षा 'वेळ किती' हा प्रश्न सोडवायला सोपा. मी त्या मुलीला कागद दिला. आठवड्याचे तास १६८. झोप रोज ९ तास, म्हणजे ६३. (ही कापू नका. आठवीतल्या शरीराला ती लागते.) शाळा येण्याजाण्यासह रोज ७, सहा दिवसांचे ४२. आंघोळ, जेवण, घरची कामे रोज ३, म्हणजे २१. गृहपाठ रोज २, म्हणजे १४. बेरीज १४०, उरले २८. मैदानावर रोज एक तास धरला की राहिले २१. फाउंडेशन क्लासचे रोज २ तास आणि जाण्यायेण्याचा अर्धा, असे सहा दिवस १५. शिल्लक ६.

तबल्याचे आठवड्यात दोन पाठ आणि रोज अर्धा तास रियाज, मिळून साडेपाच तास. म्हणजे क्लास आणि तबला दोन्ही ठेवले तर उरतो अर्धा तास. त्यात चित्रकला नाही, एन.सी.सी.ची परेड नाही, आणि आढ्याकडे बघत लोळणेही नाही.

रियाज आठवड्यातून एकदाच, रविवारी साडेतीन तास केला तर? झोका आठवा. अडीच मीटर दोरीचा झोका एका हेलकाव्याला सुमारे ३.२ सेकंद घेतो. दर ३.२ सेकंदांनी हलकासा धक्का दिलात तर तो उंच उंच जातो. बराच वेळ थांबून एकच जोराचा धक्का दिलात तर दोन धक्क्यांच्या मध्ये तो पुन्हा मंदावतो. हाताला लागणारी वळणे, मग तबला असो की पोहणे, मला या झोक्यासारखी वाटतात. उलट चित्र काढायला रविवारची सलग दुपार बरी.

क्लास वाईटच, असे मी म्हणणार नाही. ज्याला घरी गणित विचारायला कोणी नाही, त्याला आधार लागतो. पण आठवीचे गणित ज्याला नीट येते, त्याने अकरावीचे प्रश्न आत्ताच सोडवण्यासाठी आठवड्याचे १५ तास द्यावेत, हे मला तरी पटत नाही. हे मी तिच्या वडिलांनाही सांगितले. ते म्हणाले, "सर, तुमचे ठीक आहे. चार वर्षांनी ही मागे पडली तर?" या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आणि तसे मी म्हटले.

दोन दिवसांनी मुलगी पुन्हा आली. संयुक्त हिंदी-संस्कृत, तबला चालू, एलिमेंटरीला बसणार. क्लासचा विचार दिवाळीपर्यंत पुढे ढकललेला. पहिल्या सत्राचे गुण पाहून ठरवायचे, असा बापलेकीत करार झाला होता. एन.सी.सी.समोर तिने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले होते, कारण निवड शनिवारी व्हायची होती. जाताना तिने आमच्या स्वयंपाकघरातून वाटीभर रवा मागून नेला.